रुमाल टाकलेली जागा

त्रिशला मगदूम बरी झाली.

हे वाक्य वाचलं असेल तर कृपया विसरून जा. मिरजेतल्या ज्या इस्पितळात तिच्यावर उपचार चालू होते, तिथल्या समितीच्या लेखी असं काही घडलेलंच नाही. समितीत नुसते प्राध्यापक आहेत आणि सगळ्यांना चष्मे आहेत. त्यांच्याशी वाद कोण घालणार? तेव्हा त्रिशला बरी झालेली नाही, तिचा डावा गाल अजून पेटलेलाच आहे, असं धरून चालू.

तर, गाल पेटला होता.

त्रिशला ही हेरगावच्या एस.टी. स्टँडवरची उद्घोषिका. सांगली-कोल्हापूर रस्त्यावरचं हेरगाव तसं बेताचं, पण स्टँड मोठा, कारण तो निवडणुकीच्या वर्षी बांधला. स्टँडच्या मधोमध काचेची खोली, खोलीत माइक, माइकसमोर त्रिशला. गावातली कित्येक पोरं ‘आई’ म्हणायच्या आधी ‘फलाट क्रमांक दोन’ म्हणायला शिकली. कुणाच्या लग्नात मुहूर्ताची वेळ टळायला लागली की मुलीकडचे त्रिशलाला शोधत; ती नुसतं ‘वऱ्हाडी मंडळींनी लक्ष द्यावे’ म्हणाली की नवऱ्याचा मामासुद्धा धावत येई.

मग एका उन्हाळ्यात तिच्या डाव्या गालावर नागीण उठली. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस जातो अशी समजूत असल्यामुळे शेजारपाजारच्या बायका रोज येऊन दोन टोकांमधलं अंतर बोटांनी मापून जात आणि दारात चपला घालता घालता जिनदत्तला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ताजा आकडा सांगत. टोकं भेटली नाहीत. फोड सुकले, खपल्या पडल्या, गाल आरशासारखा साफ झाला. कळ तेवढी राहिली.

कळ म्हणजे काय, तर गालातून कुणीतरी तापलेली तार सावकाश ओढून काढतंय, आणि ती तार काही संपत नाही. पदराचा काठ लागला की तार. पंख्याचा वारा लागला की तार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओठाला ओठ लागला की तार. आता ओठाला ओठ न लावता प, फ, ब, भ, म म्हणून दाखवा. फलाट गेला, प्रवासी गेले, बस गेली. सांगली, कागल, जत, इचलकरंजी एवढ्या गाड्या राहिल्या. बाकीच्यांसाठी त्रिशलाने तोडगा काढला. मिरजेची गाडी ‘सांगलीच्या शेजारच्या शहराकडे’ जायला लागली, बेळगावची ‘कुंद्याच्या शहराकडे’, आणि कोल्हापूरची ‘लाल रश्श्याच्या शहराकडे’. शेवटची घोषणा ऐकून निम्मे लोक गाडीत बसायच्या ऐवजी जेवायला गेले.

तेव्हा आगारप्रमुख खराडेसाहेबांनी ध्वनिस्तंभ मागवला. तीन माणसांच्या उंचीचा निळा खांब, आत यंत्र, आणि यंत्राला आवाज त्रिशलाचाच. तिच्या जुन्या घोषणा साठवलेल्या होत्या, त्या यंत्राने ऐकल्या आणि आता ते तिच्याहून बरं तिच्यासारखं बोलत होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवून सांगितलं, की स्तंभ तूर्त भाड्याने आहे. दिवाळीनंतरच्या सोमवारी विभागातून तपासणी येईल, त्या दिवशी बाईंनी सकाळची पाळी सरळ मराठीत बोलून दाखवली तर स्तंभ परत. नाहीतर तो कायम, आणि बाईंची बदली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत.

हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत काय असतं? रुमाल. हे जरा सांगायला हवं. आता गाड्या विजेवर चालतात, तिकीट मनगटावर दिसतं, जागेचं आरक्षण फोनवर होतं. पण फोनवर जागा आपली असली आणि सीटवर कुणाचा तरी रुमाल पडलेला असला, तर हेरगावचा माणूस मुकाट्याने उभा राहतो. नव्या गाड्यांच्या काचा बंद होत्या. एका उन्हाळ्यात प्रत्येक गाडीची एक काच आपोआप ‘हवेसाठी’ सरकती झाली. गाडी वळणावर दिसली की रुमाल आधी चढतात, माणसं मागाहून. कधी माणूस चढतच नाही, त्याला चहाच्या टपरीवर मेव्हणा भेटतो. रुमाल मात्र एकटा जागा अडवून पार बेळगावपर्यंत जातो. त्याला कुणी हात लावत नाही.

घरी वेगळीच तऱ्हा. जिनदत्तचं पंप-मोटारी दुरुस्तीचं दुकान, माणूस बोलका. बायको बोलेनाशी झाल्यावर तो दोघांच्या वाटचं बोलू लागला. ‘भाजीत मीठ कमी आहे. बरोबर आहे, तू म्हणणार मीच आणलं नाही. आणलं नाही हे खरं, पण तू आठवण केली नाहीस. केली होतीस? मंगळवारी? हां, केली होतीस.’ असं तिचं भांडण तोच भांडायचा आणि दरवेळी प्रामाणिकपणे हरायचा. मग हळूहळू तो संध्याकाळचा उशिरा येऊ लागला. दुकान तर वेळेवर बंद व्हायचं. स्तंभ बोलू लागल्यापासून त्रिशलाकडे नुसती नोंदवही होती; एके दिवशी ती पाळी संपल्यावर डोकं दुखतं म्हणून खोलीतच टेकली होती, तिने काचेतून पाहिलं, तर जिनदत्त ध्वनिस्तंभाखालच्या बाकावर बसलेला. हातात पिशवी नाही, कुठं जायचं नाही. स्तंभ त्रिशलाच्या आवाजात म्हणाला, ‘पुणे, स्वारगेटकडे जाणारी बस फलाट क्रमांक तीनवर उभी आहे.’ जिनदत्तने मान हलवली. ‘असू दे, असू दे,’ असं काहीतरी तो पुटपुटलाही.

नवऱ्याचं बाहेर प्रकरण चालू होतं, आणि ते तिच्याशीच होतं. यात कुणाला जाब विचारायचा हे त्रिशलाला कळेना. त्या संध्याकाळी तिने ठरवलं, की काहीही करून आपला आवाज परत आणायचा आणि त्या खांबाला घालवायचं.

उपाय तिने आधीही केले नव्हते असं नाही. गोळ्या घेतल्या, त्यांनी एवढी झोप यायची की एकदा तिने जतची गाडी सुटल्याचं तीनदा सांगितलं, आणि जतची गाडी त्या दिवशी आलीच नव्हती. मिरचीच्या अर्काची पट्टी लावली. जुनी आग विझली नाही, शेजारी नवी लागली. गालात सुई घेतली. गाल बधिर झाला, कळ गेली, पण चहा गालफडातून पदरावर येऊ लागला, आणि चार दिवसांनी बधिरपणा उतरला तसा कळेनं साचलेलं सगळं व्याजासकट वसूल केलं. वाळव्याजवळचे एक आजोबा नस मोकळी करतात म्हणून गेली, तर त्यांनी तिचा पायाचा अंगठा ओढला. अंगठा मोकळा झाला.

मग मिरज. तिथल्या मेंदूरोगतज्ज्ञ डॉ. समीना मुजावर वयाने एवढ्या लहान होत्या, की जिनदत्तने त्यांना आधी ‘डॉक्टर कधी येणार?’ असं विचारलं. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी त्रिशलाचा गाल कापसाने तपासला, ती कुठं काम करते ते विचारलं, आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, “तुमच्या स्टँडवर रुमाल टाकून जागा धरतात ना?”

त्रिशलाने मान डोलावली.

“हे तसंच आहे. नागीण हा प्रवासी. तो आला, बसला, उतरून गेला. रुमाल तेवढा सीटवर राहिला. गालात आता दुखण्यासारखं काही नाहीये. पण मेंदू रुमाल बघतो आणि म्हणतो, जागा भरलेली आहे.”

“उचला की तो,” त्रिशला ओठ न मिटता म्हणाली.

तीच तर अडचण होती. बाहेरून नस बंद केली, संदेश दाबला, की मेंदूला वाटतं आपला निरोप पोचलाच नाही. मग तो आवाज वाढवतो. ऑफिसात अर्ज टाकला आणि पोच मिळाली नाही की आपण दुसरा टाकतो, तिसरा टाकतो, मग साहेबांच्या घरी जातो, तसं. मेंदूचं म्हणणं एवढंच असतं, की कुणीतरी वाचलं असं कळू द्या. आणि दुखण्याची पोच, डॉक्टर म्हणाल्या, दुसरा मेंदूच देऊ शकतो. यंत्राने दिलेली तो मानत नाही, करून पाहिलंय.

त्यासाठी निघाली होती वाटपपट्टी. करंगळीच्या नखाएवढी, मानेवर केसांखाली चिकटवायची. सगळ्या अंगाचे निरोप तिथूनच मेंदूत चढतात. पट्टी तिथे बसून नसांतले विजेचे ठोके टिपते, त्यांच्या बारीक फोडी करते आणि फोनवरून दुसऱ्या माणसांच्या मानेवरच्या पट्ट्यांना धाडते. त्या पट्ट्या कानाला न ऐकू येणाऱ्या लहरींनी त्या माणसांच्या नसांना तोच ठोका देतात, अगदी हलका, मुंगी चावल्याएवढा. त्यांचा मेंदू दचकतो. ते दचकणं हीच पोच. ती उलट वाटेने रुग्णाच्या मेंदूत पोचते आणि तो म्हणतो, ठीक, कळलं ना सगळ्यांना, आता बसतो गप्प. एकीची कळ अकरा जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते.

जिनदत्त लगेच बाही सरसावून पुढे आला. वाटायची कशाला, म्हणाला, सगळी मलाच द्या. डॉक्टरांनी नको नको म्हणत त्याच्या मानेवर पट्टी लावली आणि अकरावा हिस्सा सोडला. पडद्यावरची रेघ पडद्याबाहेर गेली. जिनदत्तच्या मेंदूने एक कळ घेतली होती आणि चार परत पाठवल्या होत्या. त्रिशलाने गाल धरला.

“घरचं माणूस म्हणूनच चालत नाही,” डॉक्टर घाईने पट्टी काढत म्हणाल्या. “यांना तुमच्यापेक्षा जास्त दुखतंय.”

डोळ्यात कचरा गेला, असं जिनदत्तने सांगितलं. खोली बंद होती आणि वातानुकूलित होती. त्रिशलाने पदराने त्याचे डोळे पुसले. खांबावरचा तिचा राग तिथे निम्म्याने उतरला, पण निर्धार दुप्पट झाला.

तर आता अशी माणसं हवी होती, ज्यांना आपल्याबद्दल वाईट वाटेल, जी ‘अगंबाई’ म्हणतील, आणि लगेच आपापल्या कामाला लागतील. त्रिशलाला फार विचार करावा लागला नाही. तिची भिशी होती.

बारा बायकांची ही भिशी मालुताई हेरवाडे चालवत. मालुताई म्हणजे गल्लीचं पाटबंधारे खातं. कुणाचं काय कुठं अडवायचं आणि कुठं सोडायचं हे त्या ठरवत. त्या भिशीत कधी बसत नसत. दाराच्या चौकटीला टेकून उभ्याने सगळं चालवत आणि ‘मला बसायला कुठाय वेळ’ म्हणत. शिवणकाम करणारी जैबून मुल्ला बोलता बोलता हात झटकायची, जणू बोटांना पाणी लागलंय. पुष्पा सुतार सारखी हसायची, आणि हसताना एका हाताने दुसरा खांदा धरायची. बाकीच्या भडंग खात. त्रिशला भडंगाच्या परातीपासून लांब बसे. कुरकुरीत काही चावणं तिला बंदच होतं.

डॉक्टरांनी बारा पट्ट्या आणि फोनवरचं ॲप दिलं होतं. गट तुमचा, तुम्हीच जुळवा, म्हणाल्या. त्या बिचाऱ्या इस्पितळात वाढलेल्या. भिशीशी त्यांचा संबंध नव्हता. जिनदत्तने सगळ्यांना वाटपाची कल्पना समजावून सांगितली, ती सगळ्यांनी मान डोलवत ऐकली, आणि वाटप म्हटल्यावर प्रत्येकीच्या मनात आपोआप भिशी उभी राहिली. मग त्याला चहा देऊन घालवण्यात आलं, कारण भिशीत पुरुष चालत नाही.

ॲपने विचारलं, गट कसा चालणार? खाली दोन चित्रं. पहिल्यात एका ठिपक्यातून सगळ्यांकडे बाण निघालेले. दुसऱ्यात सगळ्या ठिपक्यांतून बाण एकाकडे.

मालुताईंनी चष्मा वर-खाली केला. “हे पयलं चित्र उलटं छापलंय बघा. भिशी म्हंजे सगळ्यांनी घालायचं आणि एकीनं उचलायचं. एकीनं घालायचं आणि सगळ्यांनी उचलायचं, असली भिशी जगात कुठं असती का गं?”

कुठंच नसते, असं सर्वानुमते ठरलं. लांब बसलेल्या त्रिशलापर्यंत फोन पोचलाच नाही. मालुताईंनी दुसरं चित्र दाबलं. ॲपने पुढे विचारलं, पहिली पाळी कुणाची? सगळ्यांनी मालुताईंकडे पाहिलं. पहिली भिशी चालवणारीची, हा नियम पक्का होता. त्यावरून मागं एक मैत्री कायमची तुटली होती.

“पयला नंबर माझा,” मालुताई म्हणाल्या. “पर अडलेलीला पयला द्यायची रीत हाय. टाका त्रिशलाचं नाव. तिची तपासणी हाय सोमवारी. सकाळी तिनं माइक उघडला की सुरू होऊ दे.”

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुष्पा खांदा धरून हसली. त्रिशलाचे डोळे भरून आले, आणि पाणी गालावर ओघळलं तर कळ येईल म्हणून तिने मान मागे टाकली. अशा रीतीने हेरगावच्या अकरा सज्जन बायकांनी, निव्वळ प्रेमापोटी, आपापली सगळी दुखणी एका आजारी बाईला देऊन टाकायचं ठरवलं.

सोमवार उजाडला. विभागातून आलेले निरीक्षक काचेच्या खोलीत चहाचा कप घेऊन बसले. खराडेसाहेबांनी स्तंभाचा खटका बंद केला. स्तंभाखालच्या बाकावर जिनदत्त निळा सदरा घालून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत. वळणावर कोल्हापूरची गाडी दिसली आणि चार रुमाल तयारीत आले.

पहिलाच शब्द ‘प्रवाशांनो’. म्हणजे पहिलंच अक्षर प. त्रिशलाने माइक उघडला. मानेवरची पट्टी हिरवी झाली. तिने डोळे मिटून हलकं वाटायची वाट पाहिली.

उजव्या टाचेत खिळा घुसला.

ती ओरडलीसुद्धा नाही, एवढं ते अनपेक्षित होतं. मग डावा खांदा धरला. मग मनगटात झिणझिण्या, तीन बोटं पाण्यात घातल्यासारखी. मग कंबर, मग एक अक्कलदाढ, मग दोन गुडघे, मग आणखी दोन गुडघे. माणसाला दोनच गुडघे असतात ही गोष्ट तिला त्या क्षणी पटेना. निरीक्षकांनी घड्याळात पाहिलं. खराडेसाहेबांचा हात खटक्याकडे गेला. पट्टी उपटून टाकायला त्रिशलाने मानेकडे हात नेला.

आणि तो तिथेच थांबला. कारण टाचेतलं ते दुखणं तिने ओळखलं. उभं राहिलं तर सोसतं, बसून पुन्हा उठताना जीव जातो, असं ते दुखणं होतं. असली टाच असलेली बाई भिशीत बसणारच नाही. ती चौकटीला टेकून उभी राहील आणि वेळ नाही म्हणेल. मालुताई. हा खांदा पुष्पाचा. हसलं की इथेच ओढतं, तरी ती हसते. ही बोटं जैबूनची. इतकी वर्षं एका परातीतलं खाल्लं आणि कुणी कुणाला अवाक्षर बोललं नव्हतं. दुखणारी आपण एकटीच, असं समजून त्रिशला त्या सगळ्यांपासून लांब बसत आली होती. आता पट्टी काढली तर ज्याचं त्याचं सगळं ज्याच्या त्याच्याकडे परत जाणार. तिने हात खाली घेतला. एक पाळीभर तर धरू, तिने ठरवलं. तेवढ्यात मालुताई बसून घेतील.

इकडे तिच्या मेंदूत काय झालं ते डॉक्टरांनी नंतर रेघा बघून सांगितलं. आपल्या मेंदूत एक कंडक्टर असतो असं समजा. रोज तो एकच रुमाल बघायचा, गालावरचा, आणि मान देऊन पुढे जायचा. आज गाडीत पाऊल टाकतो तर प्रत्येक सीटवर रुमाल. टाच दुखते म्हणून खबर आली, त्याने जाऊन पाहिलं. टाच चपलेत निवांत. खांदा दुखतो, खांदा मजेत. गुडघे चार दुखतात, गुडघे दोन. खबर आणि जागा यांचा मेळ एकदा बसला नाही तर मेंदू दुर्लक्ष करतो. पण अकरा ठिकाणी एकदम बसला नाही, की तो स्वतःच्याच खबरींवर शंका घेतो, आणि मग नव्याने शिकतो. कंडक्टरने शिट्टी मारली, सगळे रुमाल गोळा केले, आणि विचारलं, हे कुणाचे? कुणी हात वर केला नाही. त्याने ते खिडकीतून भिरकावून दिले. त्यात गालावरचाही होता.

त्रिशलाला यातलं काही कळलं नाही. टाच विझली, खांदा विझला, बोटं कोरडी झाली, आणि त्या सगळ्या गोंधळात कुठून तरी एक जागा फार शांत वाटू लागली. ती जागा कुठली हे लक्षात यायला तिला थोडा वेळ लागला. पंख्याचा वारा तिच्या डाव्या गालावर येत होता. तो गार होता.

तिने ओठ मिटले. काही झालं नाही. उघडले.

“प्रवाशांनो,” ती म्हणाली.

स्टँड थबकला. यंत्राच्या आणि बाईच्या आवाजात काय फरक असतो हे सांगता येत नाही, पण चहाच्या टपरीवरच्या माणसाने बशी खाली ठेवली.

“फलाट क्रमांक पाचवर, बाबूजमाल चौकमार्गे, कोल्हापूरकडे जाणारी बस,” ती म्हणाली, आणि थांबायचं नाव घेईना. तिने भिलवडी म्हटलं, पलूस म्हटलं, बोरगाव, पेठ, पंढरपूर, मुंबई, परळ म्हटलं. पाच पाच वर्षांपूर्वी बंद झालेल्या गाड्यासुद्धा ती सोडत सुटली. दोन म्हातारे त्यातल्या एका गाडीसाठी रांगेत उभेही राहिले. निरीक्षकांचा चहा गार झाला. खराडेसाहेबांनी खटक्यावरचा हात काढून खिशात घातला आणि तिथला रुमाल काढून नाक शिंकरलं.

शेवटी त्रिशलाने काचेतून बाकाकडे पाहिलं. “फलाट क्रमांक तीनसमोर निळ्या सदऱ्यात बसलेल्या गृहस्थांनी लक्ष द्यावे. आपणास कोणत्याही बसने कुठेही जायचे नाही, हे प्रशासनास माहीत आहे. मिठाची आठवण केली होती ती मंगळवारी नव्हे, बुधवारी. कृपया घरी जाऊन कुकर लावावा.”

जिनदत्त उठून उभा राहिला. नागीण उठल्यापासून पहिल्यांदा तो कुणाकडून तरी खरोखरीचं भांडण हरला होता. तो एवढा खूश झाला, की गेटपर्यंत चुकीच्या दिशेने चालत गेला.

त्याच वेळी हनुमान गल्लीत मालुताईंची टाच अचानक गप्प झाली. एवढं हलकं वाटल्यावर आपण गेलो असंच त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी आधी गॅस बंद केला, मग दारात जाऊन कोण रडतंय का ते बघितलं. कुणी रडत नव्हतं. तेव्हा त्या पायरीवर बसल्या. बसलेल्या मालुताई बघायला निम्मी गल्ली गोळा झाली.

दुपारी डॉक्टर मुजावर मिरजेहून धावत आल्या. ॲप बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांना दुसरीच भीती वाटली, की हिचा मेंदू आता खरी खबरसुद्धा मानेनासा झाला असेल. त्यांनी पिशवीतून टाचणी काढली आणि न सांगता त्रिशलाच्या बोटाला टोचली.

“आई गं,” त्रिशला म्हणाली. “बावळट आहात काय?”

“छान,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. खऱ्या प्रवाशाला जागा मिळत होती. खोट्याला तेवढी मिळत नव्हती.

संध्याकाळी मालुताईंच्या घरी भडंगाची परात मधोमध आली, आणि त्रिशलाने ती मांडीवर ओढून घेतली. ती मूठ मूठ भडंग चावत होती आणि त्या कुरकुर आवाजाकडे अकरा बायका गाणं ऐकावं तशा बघत होत्या. परात संपल्यावर त्रिशला म्हणाली, “मालुताई, टाचेचं कधी बोलला नाहीत ते?”

“त्यात काय बोलायचं,” मालुताई म्हणाल्या. मग टाच चोळत, “लई दुखती गं.”

भिशी पुढे चालू राहिली. पाळीपाळीने एकेकीचा नंबर लागला, प्रत्येकीने सगळ्यांचं उचललं, आणि प्रत्येकीच्या गाडीतले बेवारशी रुमाल बाहेर पडले. मालुताईंची टाच सुटली, पुष्पाचा खांदा सुटला. जैबूनचं मनगट मात्र तिच्या पाळीतही बधलं नाही. तिथे खरा प्रवासी बसलेला निघाला. तो कळला म्हणून वेळेवर मनगटाची बारीक शस्त्रक्रिया झाली, आणि आता ती बोलताना हात झटकत नाही, त्यामुळे तिचं बोलणं आधीइतकं पटत नाही.

समितीने हे सगळं वाचलं. उपचार म्हणजे पहिलं चित्र. दुसऱ्या चित्राला उपचार म्हणता येत नाही. सबब रुग्णावर उपचार झालेले नाहीत. सबब रुग्ण बरी झालेली नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि खाली सह्या केल्या. डॉक्टर मुजावरांनी नव्या प्रयोगाची परवानगी मागितली आहे. समितीने ‘भिशी’ची शास्त्रीय व्याख्या विचारली आहे. मालुताईंनी ती तोंडी द्यायची तयारी दाखवली आहे, समितीला त्यांच्या दारात यावं लागेल एवढंच.

ध्वनिस्तंभ परत न्यायला कुणी आलं नाही, म्हणून तो हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत आडवा ठेवला आहे. जिनदत्त त्याला एकदा भेटून आला. त्रिशलाने विचारल्यावर खांब कुठल्या लोखंडाचा आहे ते बघायला गेलो होतो, म्हणाला. तिने यावर त्याच्याशी जेवण होईपर्यंत भांडण केलं. दोघंही खूप दिवसांनी पोटभर जेवले.

कधी दमट हवेत तिच्या गालावर मुंगी चालल्यासारखं होतं. ती हात लावून बघते. कुणी नसतं.

आणि रोज सकाळी, कोल्हापूरची गाडी वळणावर दिसते, टपरीवरचे लोक चहा टाकून धावतात, पहिला रुमाल हवेत उडतो, मागोमाग दुसरा, तिसरा, एक टोपी. काचेच्या खोलीत त्रिशला माइक जवळ ओढते, ओठ घट्ट मिटते, त्यात मिळणारं सुख क्षणभर पुरवून घेते आणि म्हणते:

“प्रवाशांना नम्र विनंती. बस पूर्णपणे थांबण्यापूर्वी बसमधील कोणत्याही बाकावर रुमाल, पिशवी, पंचा, टोपी, भडंगाचे पाकीट अथवा लहान मूल टाकून जागा पकडू नये. ज्या बाकावर माणूस प्रत्यक्ष बसलेला नाही, तो बाक मोकळा समजण्यात यावा.”